बार्बाडोसच्या रिकाम्या रीफवर सर्फिंग: मला परत परत विचारले जाणारे प्रश्न

मी मूळचा मालवणकडचा, नोकरीमुळे टोरांटोत, आणि गेले नऊ हिवाळे सुट्टी साठवून साठवून बार्बाडोसला जातोय, इथून थेट विमानाने पाच तास. फोटो बघून पुण्या-मुंबईचे मित्र, गोव्यात सर्फिंग शिकलेली पोरं, अमेरिकेतले मराठी लोक सगळे तेच तेच विचारतात, म्हणून एकदा सगळं लिहून काढतोय. लांब झालंय, पण समुद्राचं अर्धं सांगून सोडणं मला पटत नाही.

बार्बाडोसच का? कॅरिबियनमध्ये एवढी बेटं आहेत की.

नकाशा उघडा. बाकीची छोटी बेटं एका कमानीत रांगेने बसलीत, बार्बाडोस त्या रांगेच्या बाहेर, पूर्वेला, अटलांटिकमध्ये एकटं उभं आहे. सेंट व्हिन्सेंट त्याच्या पश्चिमेला साधारण १६० किलोमीटरवर. म्हणजे अटलांटिकवरून येणारी लाट अडवायला समोर काहीच नाही, उत्तरेकडून येवो, पूर्वेकडून येवो, ती थेट येऊन आपटते. बेट आहे केवढं, लांबी ३४ किलोमीटर, रुंदी २३, सकाळी पूर्व किनारा बघितला, वारा वाईट निघाला, की बोर्ड गाडीवर बांधून तासाभरात पश्चिमेला पोचता येतं. ही सोय मोठ्या देशात नाही.

आणि दुसरं, हे बेट ज्वालामुखीचं नाही. समुद्रतळाचा गाळ वर उचलला गेला, त्यावर प्रवाळ वाढलं, मग तेही वर आलं, आज जवळजवळ ८५ टक्के जमीन प्रवाळाच्या चुनखडकाची आहे. पाण्याबाहेर जे दिसतं तेच पाण्याखाली पण चालू आहे, म्हणून रीफ, म्हणजे पाण्याखालचे प्रवाळाचे खडक, भरपूर.

रीफ ब्रेक म्हणजे नक्की काय? मी गोव्यात आश्वेला शिकलोय, तिथल्यापेक्षा वेगळं काय असतं?

ब्रेक म्हणजे लाट फुटते ती जागा. आश्वेला खाली वाळू असते. वाळू सरकते, पावसाळ्यात वाळूचा उंचवटा एकीकडे असतो, डिसेंबरला दुसरीकडे, म्हणून लाट कुठे फुटेल ते रोज नव्याने शोधायचं. रीफ हलत नाही. तळ पक्का, त्यामुळे लाट त्याच जागी, त्याच कोनात, जवळजवळ त्याच पद्धतीने फुटते, आणि रीफच्या बाजूला बहुतेक वेळा एक खोल गल्ली असते तिला चॅनल म्हणतात, तिथून लाट न खाता बाहेर पॅडल करत, म्हणजे बोर्डावर पालथं झोपून हातांनी वल्हवत, जाता येतं. एकदा जागा कळली की ती वर्षानुवर्षं तुमची, मला हे फार आवडतं, एखाद्या ओळखीच्या माणसासारखं ते.

पण पडल्यावर खाली वाळू नाही. लाट साधारण तिच्या उंचीच्या सव्वापट खोलीवर फुटते. दीड मीटरची लाट दोन मीटरपेक्षा कमी पाण्यात फुटणार, आणि फुटताना खालचं पाणी वर ओढून घेणार, म्हणजे तुम्ही पडता तेव्हा हिशोबापेक्षा कमीच पाणी असतं.

भरती-ओहोटीचं पण सांगतो कारण कोकणातला माणूस तिथे हमखास फसतो. मुंबईला उधाणाला चार मीटरपेक्षा जास्त फरक असतो, बार्बाडोसला मीटरच्या आसपास. आपल्याला वाटतं मग काय, भरतीचं टेबल बघायची गरजच नाही. उलट आहे. रीफवर पाणीच मुळात दीड-दोन मीटर, त्यातून अर्धा मीटर गेला तर चित्र पालटतं. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, काही जागा अजिबात खेळण्यासारख्या राहत नाहीत.

रिकामी लाट खरंच मिळते का? व्हिडिओत तर गर्दी दिसते.

मिळते. पण हा प्रश्न मला पूर्ण उलटा विचारायचाय: ती लाट रिकामी का आहे?

कारण नसताना कुठलीच चांगली लाट रिकामी नसते. बेटावर पावणेतीन लाखांच्या आसपास लोक, सर्फिंग जुनं, चेल्सी टुआच इथलीच, २०१६ ला ती व्यावसायिक सर्फिंगच्या सगळ्यात वरच्या जागतिक स्पर्धामालिकेत खेळली. म्हणजे लोकांना सगळं माहीत आहे. जागा रिकामी दिसली की चार कारणं असतात. एक, वेळ: पहाटे साडेपाच-सहाला उजाडताना लोक झोपलेत. दोन, लाट येऊन फक्त तास-दोन तास झालेत आणि बातमी पसरली नाही. तीन, अंतर: पंधरा-वीस मिनिटं पॅडल किंवा कडा उतरून जायचं, त्याचा कंटाळा. आणि चार, आज तिथे काहीतरी गडबड आहे, करंट आहे, पाणी कमी आहे, वारा फिरणार आहे, आणि ते तुम्ही सोडून सगळ्यांना माहितीये.

पहिली तीन कारणं असतील तर आनंदाने जा. चौथं असेल तर वर बसून लाट बघा. मी कुठल्याही रिकाम्या जागी किमान अर्धा तास काठावर बसतो, घड्याळ लावून. मोठे सेट, म्हणजे एकामागून एक येणाऱ्या मोठ्या लाटांचे गट, किती वेळाने येतात, लाट फुटल्यावर पाणी परत कुठून जातं, फेस कुठे वाहतो, बाहेर यायची दुसरी वाट कुठली. अर्ध्या तासात तीनदा तरी माझं मत बदलतं.

कुठला किनारा कधी चालतो?

हे नीट वाचा, सगळा खेळ इथेच आहे.

वर्षातला बहुतेक वेळ वारा पूर्वेकडून वाहतो, ट्रेड विंड. पूर्व किनाऱ्यावर तो समुद्रावरून जमिनीकडे येतो आणि लाटेचा चेहरा खराब करतो, पण लाट मात्र तिथे जवळजवळ रोज असते. पश्चिम किनाऱ्यावर तोच वारा जमिनीवरून समुद्राकडे जातो, लाटेला थोपवून धरतो, पाणी काचेसारखं गुळगुळीत होतं, पण तिथे लाटच बहुतेक दिवस नसते, तलावासारखं असतं, म्हणून तर सगळी महागडी हॉटेलं त्या बाजूला.

सप्टेंबर ते नोव्हेंबर ट्रेड वारा मंदावतो, आणि पूर्वेला बाथशेबाचा सूप बोल उघडतो. डिसेंबर ते मार्च उत्तर अटलांटिकमध्ये थंडीची वादळं होतात, त्यांची लाट बेटाच्या उत्तर टोकाला वळसा घालून पश्चिम किनाऱ्यावर शिरते, मग दोन-तीन दिवस तो तलाव जिवंत होतो. दक्षिण किनारा मधला, काही ना काही मिळतं, वाऱ्याचा कोन बघायचा.

मला विचाराल तर मी जानेवारी-फेब्रुवारी निवडतो. दहा दिवसांत पश्चिमेला दोनच दिवस मिळतील, कधी शून्य. ते दोन दिवस पुरतात.

फोरकास्ट कसा वाचायचा? उंची मोठी असली की बस ना?

नाही, नाही, नाही. उंचीच्या आधी पिरियड बघा, म्हणजे दोन लाटांमधले सेकंद.

खोल पाण्यात लाटेची लांबी पिरियडच्या वर्गाला १.५६ ने गुणलं की मीटरमध्ये येते. ८ सेकंदांची लाट १०० मीटर लांब, १४ सेकंदांची ३०० मीटरच्या वर. लाटेला तळ जाणवायला लागतो तो तिच्या लांबीच्या निम्म्या खोलीवर, म्हणजे ८ वाली ५० मीटरवर, १४ वाली १५० मीटरवरच. ज्या लाटेला तळ लवकर जाणवतो ती जास्त वळते. आता उत्तर टोकाचं आठवा, वळसा घालायचाय ना, तर ८ सेकंदांची लाट टोकावरून सरळ निघून जाते आणि १४ सेकंदांची वाकून पश्चिमेच्या रीफवर येते. दोन्ही दिवशी फोरकास्टमध्ये २ मीटरच लिहिलेलं असतं! एका दिवशी पश्चिमेला काहीच नसतं आणि दुसऱ्या दिवशी डोक्यावरून लाट.

ही गोष्ट मला तिसऱ्या वर्षी समजली आणि तेव्हापासून रिकाम्या लाटा सापडायला लागल्या. अजून एक, १४ सेकंदांच्या लाटांचा ताफा ताशी ३९-४० किलोमीटरने चालतो, म्हणजे ३००० किलोमीटरवरच्या वादळाची लाट तीन दिवसांनी पोचते. सोमवारी नकाशावर वादळ दिसलं की गुरुवारी पहाटे तुम्ही तिथे उभे पाहिजेत. बुधवारी रात्री पार्टी करायची नाही.

स्पॉटची नावं सांग ना.

जी सगळ्या गाईडमध्ये आहेत तीच सांगतो, बाकीची नाही, मला ती विश्वासाने दाखवलेली आहेत.

सूप बोल, पूर्वेला सेंट जोसेफ परगण्यात, लाटेवरच्या माणसाच्या उजवीकडे फुटत जाणारी लाट, ताकदवान. जगज्जेता सर्फर केली स्लेटरने जगातल्या आवडत्या लाटांमध्ये तिचं नाव घेतलंय, तेव्हा रिकामी विसरा, पण आठवड्याच्या मधल्या दिवशी पहाटे चार-पाच जणच असतात. किनाऱ्यावर छत्रीसारखे प्रचंड दगड उभे आहेत, खाली समुद्राने झिजवलेले, वरून रुंद. दक्षिणेला जरा बाजूला पार्लर, आत लांब पॅडल, म्हणून माणसं कमी.

मेकॉक्स आणि डपीज, उत्तर-पश्चिमेला सेंट लुसीत. डपी म्हणजे इथल्या बोलीत भूत. डपीजला करंट असतो, पाणी खोल आणि गडद, किनाऱ्यावर घरं नाहीत, नाव उगाच पडलं नाही. ट्रोपिकाना, सेंट जेम्समध्ये, डावीकडे फुटणारी, पोकळ, उथळ, सर्फिंग चांगलं येत असेल तरच जा. दक्षिणेला साउथ पॉइंट, १८५२ च्या लोखंडी दीपगृहासमोर, डावी. फ्रेट्स बे, डावी, मऊ, लांब, पाण्यात कासवं. फ्रेट्सला गर्दी असते पण शिकायला सुंदर जागा.

एकटा गेलो तर चालेल का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि मला यावर सगळ्यात जास्त बोलायचंय.

पहिल्या वर्षीची गोष्ट. उत्तरेकडच्या एका स्पॉटवर मी सकाळी एकटाच पोचलो, सुंदर लाट, छातीएवढी, पाण्यात एकही माणूस नाही, मला वाटलं आपलं नशीबच उघडलं. वाटेवर एक म्हातारे कोळी जाळं आवरत बसले होते, त्यांनी गुड मॉर्निंग केलं आणि विचारलं, किती जण आहात? म्हटलं एकटाच. ते बोलले, मग आज बघ आणि घरी जा. मी हसून मान डोलावली आणि उतरलो. पहिल्या दोन लाटा आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या होत्या. तिसऱ्यानंतर मागे वळून बघितलं तर माझी खूण, एक वाकडं झाड, चारशे मीटर बाजूला गेलं होतं. म्हणजे झाड नाही, मी. पॅडल करत राहिलो, झाड जवळ येईना. घाबरलो, जोरात मारायला लागलो, दहा मिनिटांत हात संपले. मग मालवणात लहानपणी ऐकलेलं आठवलं, ओढीच्या विरुद्ध जायचं नाही, आडवं काप. आडवा कापत कापत कधी पडून राहत दीड तासाने दुसऱ्याच खाडीत लागलो, पाय रीफवर घासून रक्ताने भरलेले, आणि तिथून रस्त्यावर चढायला अजून अर्धा तास. कोणालाच माहीत नव्हतं मी कुठे आहे. बायकोला टोरांटोला सांगितलेलं की बीचवर जातोय, बस.

ते आजोबा वरून सगळं बघत होते. मी परत आलो तेव्हा ते अजून तिथेच होते, जाळं केव्हाच आवरून झालेलं. काही बोलले नाहीत, पाण्याची बाटली दिली. त्यांनी एक शब्द जरी सुनावला असता तरी मला कमी लागलं असतं.

तर उत्तर: रिकामी लाट दोघांनी खेळायची. एकट्याला ती कितीही मोहाची वाटली तरी. दुसरा माणूस मिळाला नाही तर फ्रेट्सला जा, तिथे लोक असतात. आणि जाताना कोणाला तरी जागेचं नाव आणि परत यायची वेळ लिहून पाठवा. मोबाईलला उत्तर-पूर्वेला काही ठिकाणी रेंज जाते, म्हणून आधीच. ॲम्ब्युलन्सचा नंबर ५११, पोलीस २११, मोठं सरकारी हॉस्पिटल राजधानी ब्रिजटाऊनला, क्वीन एलिझाबेथ. सेंट लुसीतून तिथे पोचायला वेळ लागतो हे डोक्यात ठेवा.

रीफवर पडायचं कसं?

आडवं, पसरून, पाठीवर किंवा कुशीवर, जितकं उथळ पडता येईल तितकं. सूर मारायचा नाही, कधीच नाही. पाण्याखाली गेलात की दोन्ही हात डोक्याभोवती आणि पाय खाली टेकवायचे नाहीत. उभं राहून बघू किती पाणी आहे, ही इच्छा सगळ्यांना होते, तिथेच पाय कापतात आणि फटीत अडकतात पण. वर आलात की बोर्डावर झोपून चॅनलकडे. उथळ जागी हेल्मेट घाला, मी घालतो.

काटे लागतात म्हणे?

हो. काळे लांब काट्यांचे सी अर्चिन, इथे त्यांना कॉबलर म्हणतात. आणि पांढरे असतात ते सी एग, ते लोक खातात, पण पकडायला सरकारी बंदीचे महिने असतात.

काटा पायात मोडला तर सोसेल इतक्या गरम पाण्यात अर्धा-एक तास पाय ठेवा, व्हिनेगर लावा, वर दिसणारा काटा चिमट्याने काढा, आत गेलेला सुईने उकरू नका, त्याने जास्त बिघडतं. सांध्याजवळ गेला असेल तर थेट डॉक्टर. प्रवाळाने कापलं तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने आणि साबणाने घासून धुवा, दुखलं तरी. उष्ण हवेत या जखमा पटकन पिकतात. धनुर्वाताचं इंजेक्शन निघण्याआधी घेऊन या.

बोर्ड कुठला, कपडे काय?

पाणी २६ ते २९ डिग्री, वेटसूट नको, लांब बाह्यांचा रॅशगार्ड (पाण्यात घालायचा घट्ट शर्ट) पुरे. ऊन भयंकर. बोर्ड नेहमीपेक्षा जरा मोठा घ्या, रीफवर लाट लवकर पकडणं म्हणजेच सुरक्षित असणं, बोर्डावर उशिरा उभे राहिलात की सरळ खाली. नवीन लीश (बोर्ड पायाला बांधायची दोरी), रीफ शूज, बोर्ड दुरुस्तीची रेझिनची ट्यूब. दक्षिण किनाऱ्यावर बोर्ड भाड्याने मिळतात, विमानाचे पैसे वाचतात.

लष्करी छापाचे कपडे बॅगेत टाकू नका. हिरवट ठिपक्यांची कॅमोफ्लाज पॅन्ट, टोपी, लहान मुलांचा टीशर्टसुद्धा, बार्बाडोसमध्ये सामान्य माणसाला घालणं बेकायदेशीर आहे.

तिथले सर्फर बाहेरच्यांना येऊ देतात का?

देतात, नीट वागलात तर. सगळे किनारे कायद्याने सार्वजनिक आहेत, पण लाट ही रांग आहे. आत गेल्यावर प्रत्येकाला गुड मॉर्निंग म्हणा, इथे दुकानात, बसमध्ये, सगळीकडे आधी गुड मॉर्निंग मग काम, ते न म्हणणं फार उद्धट समजतात. पहिल्या काही लाटा सोडा. जो फुटणाऱ्या टोकाच्या जवळ आहे त्याची लाट, त्याच्यापुढे उतरायचं नाही. चार-पाच जणांचा घोळका घेऊन छोट्या स्पॉटवर जायचं नाही. आणि फोटो टाकताना जागा टॅग करू नका, प्लीज. ज्या पोरांनी ती जागा लहानपणापासून सांभाळली त्यांची शांतता आपण एका पोस्टमध्ये घालवतो.

शार्क?

नऊ वर्षांत मी एकही बघितला नाही. भीती रीफची आणि करंटची ठेवा.

मग अजून कशाला जपायचं?

मँचिनील नावाचं झाड, किनाऱ्यावरच असतं, छोट्या हिरव्या सफरचंदासारखी फळं, अतिशय विषारी. खोडावर लाल पट्टा किंवा पाटी असते बऱ्याच ठिकाणी. पावसात त्याच्याखाली उभं राहू नका, पानांवरून गळणाऱ्या पाण्याने अंगावर फोड येतात. जुहूला पावसाळ्यात निळे ब्लू बॉटल येतात ना, त्याच जातीचे इकडे पूर्व किनाऱ्यावर वाऱ्याबरोबर येतात. आणि सारगॅसम, तपकिरी समुद्री गवत, २०११ पासून ढिगाने येतंय, जास्त करून मार्च ते ऑगस्ट, पूर्व आणि दक्षिणेला. पाण्यात त्याची चटई असली की लीश आणि फिन (बोर्डाखालचे कल्ले) अडकतात, आणि कुजलं की सडक्या अंड्यासारखा वास.

हरिकेनच्या दिवसांत यावं का?

सीझन १ जून ते ३० नोव्हेंबर. आपल्या लोकांना हे समजावणं २०२४ पासून सोपं झालंय. २९ जूनला बार्बाडोसच्या केन्सिंग्टन ओव्हलवर भारताने दक्षिण आफ्रिकेला ७ धावांनी हरवून टी-२० वर्ल्ड कप जिंकला, आणि मग टीम तिथेच अडकून पडली, आठवतंय? ते बेरिल वादळ. १ जुलैला ते बेटाच्या दक्षिणेकडून गेलं, आणि तेवढ्यानेसुद्धा कोळ्यांच्या होड्या मोडल्या, कितीतरी घरांचा पोटापाण्याचा धंदा गेला. लांबून जाणारं वादळ लाट चांगली देतं हे खरं, पण ज्या आठवड्यात लोक होड्या किनाऱ्यावर ओढून घरं पक्की करून घेतायत त्या आठवड्यात बोर्ड घेऊन फिरणं मला जमत नाही. ऑक्टोबरच्या शेवटी किंवा नोव्हेंबरला या, तारीख बदलता येईल असं तिकीट काढून.

ओव्हल बघाच, सर्फिंगशी संबंध नाही तरी. १९७१ ला गावसकरांनी त्या पहिल्या मालिकेत ७७४ धावा केल्या त्यातलं एक शतक याच मैदानावरचं. माझे बाबा ती कॉमेंटरी अजून सांगतात.

व्हिसा, पोचणं, फिरणं?

भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही, तरी तिकीट काढताना एकदा तपासा. अडचण वाटेतली असते, अमेरिकेतून गेलात तर विमान बदलायला पण व्हिसा लागतो. मुंबईहून लंडनमार्गे येतात बरेच जण. चलन बार्बाडोस डॉलर, दोन बरोबर एक अमेरिकन डॉलर, हा दर वर्षानुवर्षं ठरलेला. गाडी डावीकडून, आपल्यासारखीच, पण परदेशी माणसाला तिथला तात्पुरता परवाना घ्यावा लागतो, भाड्याची गाडी देणारेच करून देतात. बस स्वस्त, झेडआर म्हणतात त्या छोट्या प्रवासी व्हॅन भन्नाट पळतात, पण मोठा बोर्ड घेऊन त्यात चढणं कठीण.

शाकाहारी आहे, जेवायचं काय?

रोटी. बटाटा-चण्याची रस्सा भाजी पोळीत गुंडाळून देतात, चेफेट नावाच्या तिथल्याच साखळीत पण मिळते. गुजराती कुटुंबं तिथे शंभरेक वर्षांपासून आहेत, मसाले मिळतात. मॅकरोनी पाय सगळीकडे. मासे खाणाऱ्यांनी शुक्रवारी संध्याकाळी दक्षिण किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या गावी, ऑइस्टिन्सला जावं, फ्लाइंग फिश खावा, कोकणातल्या माणसाला घरी आल्यासारखं होईल, फक्त सोलकढी नाही.

मी तयार आहे की नाही हे कसं ओळखू?

वाळूच्या लाटेवर दहापैकी सात वेळा बोर्डावर स्वच्छ उभं राहता येतं का, लाटेवर तिरकं जाता येतं का, आणि बोर्डाशिवाय अर्धा तास समुद्रात पोहता येतं का. तिन्ही हो असेल तर फ्रेट्सपासून सुरू करा, मग वाऱ्याचा कोन बघून साउथ पॉइंट, मग पुढचं. नसेल तर गोव्यात किंवा कर्नाटकात मुल्कीला अजून एक सीझन घालवा, तो वाया जात नाही.

बरोबर बायको आणि सहा वर्षांचा मुलगा आहे, दोघं सर्फिंग करत नाहीत. त्यांनी काय करायचं?

पश्चिम किनाऱ्यावर जवळ खोली घ्या, तिथे बहुतेक दिवस पाणी शांत, मुलगा दिवसभर डुंबेल. तुम्ही पहाटे पाचला निघा आणि साडेनऊला परत या. निघताना बायकोला जागेचं नाव सांगा, आणि यायची वेळ सांगितली असेल ती पाळा, लाट कितीही चांगली चालू असली तरी.